आग पेटवून गार होणारा फ्रिज: ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये प्रोपेनचा फ्रिज बसवायचा म्हणजे नक्की काय करायचं

गाडीच्या मागे ओढायचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेऊन जिथे विजेचं कनेक्शनच नाही अशा ठिकाणी आठ-पंधरा दिवस मुक्काम टाकायचा, याला ऑफ-ग्रिड राहणं म्हणतात आणि हल्ली हे करणारे बरेच झालेत. त्यांच्यात एक वाद कायम चालू असतो, फ्रिज कुठला घ्यायचा. नव्या ट्रेलरमध्ये आता बऱ्याचदा बॅटरीवर चालणारा कंप्रेसरचा फ्रिज आधीच बसवलेला येतो, आणि तरी रानात जाऊन राहणारे काही जण तो काढून प्रोपेन गॅसवर चालणारा बसवायचं म्हणतात. ज्याने तो कधी पाहिलेला नाही त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खाली गॅसची ज्योत आणि वर बर्फ, हे कसं काय बुवा?

हे नीट कळलं नाही तर फ्रिज बसवतानाही चुका होतात, कारण हा फ्रिज भोकात ढकलून स्क्रू मारायची वस्तू नाहीये. त्याच्या पाठीमागची जी रिकामी जागा असते ना, ती पण यंत्राचाच भाग आहे. फ्रिज कंपनी देते, पण ती जागा आपल्याला बनवावी लागते.

ज्योत खाली, गारवा वर: आत चाललंय काय

कुठलाही फ्रिज गारवा "तयार" करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी एखादा द्रव आतल्या बाजूला वाफ होऊ द्यायचा (वाफ होताना तो उष्णता ओढून घेतो) आणि मग ती वाफ बाहेरच्या बाजूला परत द्रव करायची. नेहमीच्या फ्रिजमध्ये हे काम कंप्रेसर वाफ दाबून करतो. प्रोपेनच्या फ्रिजमध्ये कंप्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. सीलबंद नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेला असतो, आणि नळ्या आतून गंजू नयेत म्हणून सोडियम क्रोमेट नावाचं रसायन. याला ॲब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात, ॲब्सॉर्प्शन म्हणजे शोषून घेणं, इथे पाणी अमोनियाला शोषून घेतं म्हणून.

अगदी खाली बॉयलर असतो. तिथे ज्योत अमोनियाचं पाणी तापवते, अमोनिया पाण्यातून वेगळा होऊन बुडबुडे बनतो आणि ते बुडबुडे अरुंद नळीतून वर जाताना पाण्यालाही ढकलत नेतात, म्हणून पंप लागत नाही. वरच्या कंडेन्सरमध्ये अमोनियाची वाफ गार होऊन द्रव होते, तिथली उष्णता मागच्या हवेत जाते. मग हा द्रव अमोनिया फ्रिजच्या आतल्या नळीत उतरतो आणि तिथे हायड्रोजन आधीच हजर असतो.

आता गंमत इथे आहे. या सगळ्या नळ्यांमध्ये दाब सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो, २० ते २५ बारच्या आसपास, मग वर द्रव झालेला अमोनिया खाली येऊन परत वाफ कसा होतो? ओले कपडे आठवा. दमट हवेत ते दिवसभर सुकत नाहीत आणि कोरड्या हवेत तासाभरात सुकतात, हवेचा दाब दोन्ही वेळेला तोच, फरक फक्त हवेत आधी वाफ किती आहे याचा. अमोनियासाठी हायड्रोजन म्हणजे ती कोरडी हवा. त्याच्यात अमोनियाची वाफ जवळजवळ नसते, त्यामुळे द्रव अमोनिया भराभर उडतो आणि उडताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जातो. नंतर ते जड मिश्रण खाली ॲब्सॉर्बरमध्ये येतं, बॉयलरकडून आलेलं पाणी त्यातला अमोनिया पिऊन टाकतं, हलका हायड्रोजन परत वर जातो आणि पाणी परत ज्योतीकडे. झालं एक चक्र.

ही रचना १९२२ साली स्टॉकहोममध्ये बाल्टझार फॉन प्लॅटन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी काढली आणि इलेक्ट्रोलक्सने ती बाजारात आणली. (आइनस्टाइनने पण लिओ झिलार्डबरोबर हलणारे भाग नसलेला एक फ्रिज काढला होता, त्याचं अमेरिकन पेटंट १९३० चं आहे, पण आपल्या ट्रेलरमध्ये येतो तो तो नव्हे. लोक सांगताना दोघांची सरमिसळ करतात.)

यातून बसवण्याच्या कामासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. द्रव फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येतो, म्हणून फ्रिज सरळ हवा. आणि मागची उष्णता हवेनेच बाहेर जायची आहे, म्हणून हवा वाहती हवी.

"गॅसवर चालतो म्हणजे बॅटरीची गरज नाही ना?"

बहुतेक वेळा असते. आताच्या मॉडेलमध्ये कंट्रोल बोर्ड असतो, तो गॅसचा व्हॉल्व उघडतो, ठिणगी पाडतो, ज्योत पेटली का बघतो, आणि त्याला १२ व्होल्ट डीसी लागतं. गॅस मोडवर हे साधारण अर्ध्या अँपिअरच्या आसपास, म्हणजे दिवसाला १०-१२ अँपिअर-तास. फार नाही, पण बॅटरी पार बसली तर गॅसचा सिलेंडर भरलेला असूनही फ्रिज बंद पडणार. काही मॉडेलमध्ये दाराच्या चौकटीवर पाणी साचू नये म्हणून छोटा हीटर असतो, तो वेगळा खातो, त्याचं बटण असेल तर ऑफ-ग्रिड असताना बंद ठेवायचं. हाताने पेटवायची जुन्या पद्धतीची मॉडेल्स मात्र विजेशिवाय चालतात.

थ्री-वे नावाचा प्रकार पण मिळतो: गॅस, घरातली एसी वीज आणि १२ व्होल्ट. नाव वाचून लोकांना वाटतं की वा, बॅटरीवर पण चालेल. त्याच्या १२ व्होल्ट मोडमध्ये ज्योतीच्या जागी हीटर चालतो आणि तो १० ते १५ अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, १०० अँपिअर-तासाची बॅटरी एका रात्रीत गार. तो मोड फक्त गाडी चालू असताना वापरायचा, आणि तेव्हासुद्धा गाडीपासून ट्रेलरपर्यंतची वायर पुरेशी जाड असेल तरच.

गॅस किती जाळतो, आणि मग सोलर का नको

मध्यम आकाराचा, म्हणजे सहा ते आठ घनफुटाचा फ्रिज दिवसाला साधारण एक ते दीड पाउंड प्रोपेन खातो, म्हणजे अर्ध्या किलोच्या पुढेमागे. उत्तर अमेरिकेत ट्रेलरवर जो २० पाउंडाचा सिलेंडर असतो तो नुसत्या फ्रिजवर दोन आठवडे जातो असं धरायला हरकत नाही, उन्हाळ्यात थोडा कमी.

आता हिशोब बघा. एक पाउंड प्रोपेनमध्ये साधारण २१,५०० बीटीयू उष्णता असते, विजेच्या भाषेत ६ युनिटच्या वर. तेवढाच गारवा चांगला १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज पाऊण ते एक युनिटात देतो. म्हणजे कार्यक्षमतेत प्रोपेनचा फ्रिज सपशेल हरतो, याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ऑफ-ग्रिडवाल्याला प्रश्न वेगळा पडतो, ऊर्जा बरोबर न्यायची कशी? सिलेंडरमध्ये दोन आठवड्यांची ऊर्जा आहे आणि ती ढगाळ हवेत कमी होत नाही. तेवढ्याच दिवसांचा कंप्रेसर फ्रिज नुसत्या बॅटरीवर काढायचा तर बॅटऱ्यांचा ढीग लागेल, म्हणून रोजच्या रोज सोलरने भरत राहावं लागतं, आणि २०० वॅटचं पॅनल मोकळ्या उन्हात कसंबसं फ्रिजपुरतं देतं, झाडाखाली तेही नाही.

मला विचाराल तर, उन्हात मुक्काम करत असाल, छतावर ४०० वॅट आणि लिथियम बॅटरी असेल तर कंप्रेसरच घ्या, कटकट कमी. दाट जंगलात, सावलीत, किंवा थंडीत लहान दिवसांत आठवडा-आठवडा एका जागी राहत असाल तर प्रोपेन. फार गरम प्रदेशात मात्र प्रोपेनकडून जास्त अपेक्षा ठेवू नका, हे फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातात, म्हणजे बाहेर ४० झालं की आत ४ च्या खाली राहणं अवघड. समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरच्या वर हवा विरळ होते तिथेही ज्योत कुरकुर करते.

कुठला घ्यायचा, आणि कुठला अजिबात नाही

इथे एक जीवघेणी गल्लत होते. प्रोपेनचे फ्रिज दोन प्रकारचे. एक जंगलातल्या पक्क्या केबिनसाठी केलेले, त्यातले बरेचसे जळलेली हवा खोलीतच सोडतात. दुसरे ट्रेलरसाठी केलेले, ते बाहेरची हवा घेऊन बाहेरच सोडतात. केबिनवाला मोठा आणि बरा दिसतो म्हणून लोक तो ट्रेलरमध्ये घालायला बघतात. ट्रेलर म्हणजे केवढीशी खोली, खिडक्या लावून झोपलात आणि ज्योत नीट जळत नसली तर कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला ना वास ना रंग. अमेरिकेत सर्वेल कंपनीचे १९३३ ते १९५७ मध्ये बनलेले जुने गॅस फ्रिज अजून कुठेकुठे चालू सापडतात, आणि त्यातून विषारी वायू येऊन माणसं मेली म्हणून तिथली ग्राहक सुरक्षा संस्था ते वापरू नका असं वारंवार सांगत आली आहे. तेव्हा "जुनं ते सोनं" म्हणत अँटिक फ्रिज ट्रेलरमध्ये बसवायचा विचार डोक्यातून काढा.

घेताना पाटीवर ट्रेलरसाठी मंजूर आहे का, कुठला गॅस आणि किती दाब हे वाचा. प्रोपेनऐवजी ब्युटेन मिसळलेला एलपीजी मिळणाऱ्या ठिकाणी हे जास्त महत्त्वाचं, कारण प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होत राहतो आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच थंडावतो, शिवाय बर्नरचा बारीक छिद्राचा जेट ठरावीक गॅस आणि दाब धरून केलेला असतो.

खरं काम: मागची पोकळी

फ्रिजच्या पाठीमागे दिवसभरात सहा-सात युनिट उष्णता तयार होते, म्हणजे रात्रंदिवस अडीचशे वॅटचा हीटर चालू ठेवल्यासारखं, आणि फ्रिजच्या आतून काढलेली उष्णता वर वेगळी. थोडी धुराबरोबर जाते, बाकीची नळ्यांवरून वाहणाऱ्या हवेने न्यायची. ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीला खाली एक व्हेंट, म्हणजे जाळीचं झाकण असलेलं तोंड, आणि वर छताला दुसरं. खालून गार हवा येते, नळ्यांवरून तापत वर जाते, छतातून निघते. पंखा नसतानाही हे होतं, फक्त वाट मोकळी आणि बरोबर मापाची हवी.

बरोबर मापाची म्हणजे अरुंद, आणि इथेच भले भले चुकतात. मागे जितकी जास्त जागा तितकं चांगलं असं वाटतं ना? उलटं आहे. जागा ऐसपैस सोडली की हवा नळ्यांना न शिवता मोकळ्या बाजूने वर निघून जाते आणि कंडेन्सर तापलेलाच राहतो. बहुतेक मॅन्युअलमध्ये नळ्या आणि मागची भिंत यात साधारण एक इंचापेक्षा जास्त अंतर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, जास्त असेल तर पत्र्याचा आडोसा वाकवून लावायचा, त्याला बॅफल म्हणतात. फ्रिजच्या डोक्यावर जो रिकामा कोनाडा राहतो तोही पत्र्याने तिरपा बंद करायचा, नाहीतर तिथे गरम हवा अडकून बसते आणि वरचा फ्रीझर कधी नीट गोठत नाही. लाकूड किंवा फोम उघडा ठेवायचा नाही, पत्राच.

छताचा व्हेंट नळ्यांच्या बरोबर वर आला तर उत्तम. फ्रिज ट्रेलरच्या बाहेर सरकणाऱ्या भागात असेल तर छतातून जाता येत नाही, मग वरचा व्हेंट पण बाजूच्या भिंतीत काढावा लागतो, तिथे हवेला शेवटी वळण घ्यावं लागतं आणि ओढ कमी पडते. अशा वेळी बॅफल अजून नीट लावायचा आणि छोटे १२ व्होल्टचे पंखे लावायचे, ठरावीक तापमानालाच चालू होतील असा स्विच घालून. बॅटरीवर त्यांचा बोजा किरकोळ असतो.

आणि ही पोकळी राहत्या खोलीपासून पूर्ण बंद हवी. फ्रिजच्या चौकटीभोवती, वायर आणि गॅसच्या नळीच्या भोकांभोवती, जमिनीशी, कुठेच फट नको. खालचा व्हेंट पोकळीच्या तळाशी हवा, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळला तर खाली साचतो आणि तिथूनच बाहेर पडला पाहिजे.

कडाक्याच्या थंडीचं उलटं असतं, तिथे फार गार हवेने काम बिघडतं, म्हणून काही कंपन्या व्हेंटवर लावायची विंटर कव्हर विकतात. ऊन वाढलं की आठवणीने काढायची.

गॅसची लाइन

बऱ्याच ठिकाणी हे काम लायसन्स असलेल्या फिटरनेच करायचं असतं, आणि स्वतःला येत असलं तरी एकदा त्याच्याकडून तपासून घ्या. अमेरिकेत ट्रेलरच्या गॅस जोडणीसाठी एनएफपीए ११९२ हे स्टँडर्ड आहे. सिलेंडरमधला जास्त दाब दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरने कमी करून तिथे ११ इंच वॉटर कॉलम ठेवतात, म्हणजे नळीतलं पाणी ११ इंच वर ढकलेल एवढाच दाब, अगदी हलका. जास्त झाला तर ज्योत मोठी आणि काजळी, कमी झाला तर फ्रिज गारच होत नाही आणि माणूस फ्रिजला दोष देत बसतो. म्हणून मॅनोमीटर (दाब मोजायचं साधन) लावून मोजणं हे नाटक नाहीये.

फ्रिजला येणारी नळी साधारणपणे तांब्याची असते आणि टोक फुलवून नटाने बसवलेलं असतं, याला फ्लेअर जोड म्हणतात. त्या फुलवलेल्या तोंडाला टेप किंवा पेस्ट लावायची नाही, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं. नट घट्ट करताना दोन पाने वापरा, नाहीतर फ्रिजचा व्हॉल्वच पिळला जातो. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, अमोनिया किंवा क्लोरीन असलेला क्लीनर मात्र वापरू नका, पितळ आणि तांबं खातो तो. काडी पेटवून गळती बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यापासून लांब उभं राहायचं.

सरळ म्हणजे किती सरळ?

नेहमीच्या मॉडेलला डावी-उजवीकडे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंत कल चालतो. त्यापेक्षा तिरका उभा करून फ्रिज चालू ठेवला तर द्रव नळीत कुठेतरी थांबतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि ते सोडियम क्रोमेट कण होऊन नळी बुजवतं. एकदा बुजली की बुजली. आणि हे हळूहळू साठत जातं, म्हणजे दर वेळी "तासभर काय होतंय" करत दोन-तीन सीझनमध्ये फ्रिज मेलेला असतो. बसवताना ट्रेलर स्वतः लेव्हल करून मग फ्रिजच्या आत लेव्हल ठेवून बघायचं. रस्त्यावर चालताना मात्र फारसं बिघडत नाही, सतत हलत असल्याने द्रव एका जागी साचत नाही.

पहिल्यांदा पेटवताना

नवीन लाइनमध्ये हवा असते, त्यामुळे दोन-तीनदा ठिणगी पडूनही पेटत नाही, बोर्ड थकून एरर दाखवतो, घाबरायचं नाही, परत चालू करायचं. खालचा व्हेंट उघडून ज्योत बघा: निळी आणि स्थिर हवी. पिवळी, नाचरी असेल तर जेट किंवा बर्नरमध्ये कचरा. कोळ्यांना प्रोपेनच्या वासाचं काय आकर्षण आहे कोण जाणे, बर्नरच्या नळीत जाळी करून बसतात. जेट स्पिरिटमध्ये भिजवून वाळवायचा, सुई घालायची नाही, छिद्र मोठं झालं तर जेट गेला.

मग धीर धरायचा. पूर्ण गार व्हायला १२ ते २४ तास लागतात, दोन तासांनी दार उघडून "काही होत नाहीये" म्हणू नका. निघायच्या आदल्या रात्रीच चालू करा आणि आधीच गार असलेल्या वस्तू भरा.

"झोपायच्या खोलीत आग, हे धोक्याचं नाही का?"

आहे, पण तोंड देता येण्यासारखं. कार्बन मोनॉक्साईडचा डिटेक्टर आणि जमिनीजवळ गॅसचा डिटेक्टर, दोन्ही हवेतच, आणि त्यांची मुदत संपते तेव्हा बदलायचे. नळी फुटून हायड्रोजन आणि अमोनिया बाहेर आला तर आग लागू शकते, हे नुसतं कागदावर नाहीये, बॉयलरची नळी तडकण्याच्या भीतीने डोमेटिक या फ्रिज कंपनीने २००६ साली लाखो फ्रिज परत तपासायला बोलावले होते. म्हणून सेकंड-हँड घेत असाल तर सीरियल नंबर टाकून रिकॉलमध्ये आहे का आणि काम झालंय का ते आधी बघा. मागे पिवळसर पावडर किंवा डाग दिसला, आत अमोनियाचा उग्र वास आला, की फ्रिज बंद, खिडक्या उघड्या, आणि त्या पावडरला हात लावायचा नाही, विषारी आहे.

गाडी चालवताना ज्योत चालू ठेवायची का यावर दोन तट आहेत. मी बंद ठेवा म्हणेन, दार उघडलं नाही तर गार फ्रिज काही तास सहज टिकतो. पेट्रोल पंपावर तर बंदच, कारण बोर्ड आपल्या नकळत ठिणगी टाकत असतो आणि व्हेंट पंपाच्या बाजूलाच असू शकतो. काही बोगद्यांचे नियम कडक आहेत, अमेरिकेत बाल्टिमोरच्या बोगद्यांतून ट्रेलरचे नेहमीचे प्रोपेन सिलेंडर न्यायलाच परवानगी नाही, तेव्हा रस्ता आधी बघून ठेवा.

जुना फ्रिज उलटा करून ठेवला की दुरुस्त होतो म्हणतात, खरं का?

कधीकधी. फ्रिज काढून आडवा-उलटा करून ठेवला की अडकलेला द्रव मोकळा होतो आणि फ्रिज परत चालतो, असं झालेलं आहे. पण क्रोमेटने नळी बुजली असेल किंवा गळती झाली असेल तर कितीही कोलांट्या मारा, उपयोग नाही. आधी व्हेंट, पंखे, गॅसचा दाब आणि एसी विजेवर चालतो का हे तपासा. एसीवर गार होत असेल तर नळ्या ठीक आहेत आणि दोष गॅसच्या बाजूला आहे, दोन्हीवर होत नसेल आणि बॉयलर तापत असेल तर मागचं नळ्यांचं युनिट गेलं. ते एकटं बदलून मिळतं, किंवा त्याच डब्याला मागून कंप्रेसर जोडायची किटही मिळते. तसं केलंत तर गॅसची जुनी लाइन नुसता कॉक बंद करून सोडू नका, तिच्या टोकाला फ्लेअर प्लग बसवा आणि तिथे परत एकदा साबणाचं पाणी लावून बघा.